लढाई सोडून दुसरा कुठलाही गोळीबार

गोत्री, बडोदे
रविवार, सकाळ

चि. सलील यास,

शरच्चंद्र भाऊजींचे अनेक आशीर्वाद. आम्ही दोघे इथे ठीक आहोत. (‘दोघे’ लिहिल्यावर पेन जरा अडखळले. का, ते पुढे येईल.) तुझ्या मानेचा पट्टा निघाला का? दिवसभर संगणकापुढे वाकून बसणाऱ्या माणसाने दर तासाला उठून दोन फेऱ्या माराव्यात, हे मी तुला तुझ्या लग्नातही सांगितले होते. चि. सौ. इराचा खोकला थांबला असेल. अनयला म्हणावे, दहावीचे वर्ष आहे, मामेआत्तेभावांची लग्ने पुढच्या वर्षीही होतील.

या जमान्यात मी पुण्याला चार पाने का लिहितो आहे आणि तीही तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर, असे तुला वाटेल. आमच्या घरात फोन दोन असले तरी ते वाचणारी व्यक्ती एकच आहे. माझ्या फोनवर आलेला मेसेज तुझी ताई माझ्या आधी वाचते, त्याला उत्तर देते आणि संध्याकाळी मला सांगते, ‘अहो, तुम्ही सलीलला असं असं कळवलंत.’ तेव्हा टपाल हाच एक सुरक्षित मार्ग उरला आहे. पत्र वाचून झाले की फाडून टाक. (तुकडे इराच्या हाती लागू देऊ नकोस. ती जोडून वाचेल.)

तू पद्माला साठीची भेट म्हणून ते खेळाचे यंत्र पाठवलेस, तेव्हा मी तुझे कौतुक केले होते. ते कौतुक मी परत घेतो. तेहतीस वर्षे मुलांना चित्रकला शिकवलेली बाई, ती फार तर त्यावर रंगीत फुगे फोडील असे मला वाटले. तुझ्या ताईने पहिल्याच आठवड्यात लढाईचा खेळ लावला आणि दुसऱ्या आठवड्यात एक अख्खा पूल उडवला. चित्रकलेमुळे असेल, पण तिची नजर अशी आहे की तीन खिडक्यांपलीकडच्या माणसाची नुसती टोपी दिसली तरी पुरते. मी रेल्वेच्या सिग्नल खात्यात चौतीस वर्षे काढली ती कुणी कुणावर आदळू नये म्हणून. आता आमच्याच दिवाणखान्यात दुपारी चार ते सहा या वेळात माणसे एकमेकांवर मुद्दाम आदळतात.

आता एक गोष्ट कबूल करतो, कारण ती तुला ताईकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी. यंत्राबरोबर तू कंट्रोलर दोन पाठवले होतेस. दुसरा पद्माने माझ्यापुढे धरला होता. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा मी पेपरातून डोके वर न काढता म्हणालो, ‘हे काय आपलं वय आहे? त्या खालच्या मजल्यावरच्या कॅप्टनला बोलाव, त्याला सवय आहे.’ आणि तेवढ्यावर न थांबता मीच जिना उतरून कॅप्टन विक्रमसिंहांना आमंत्रण देऊन आलो. सलील, माणसाने आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यावा, पण निदान तो जिना उतरून, दुसऱ्याच्या दाराची बेल वाजवून मागून आणू नये.

कॅप्टन म्हणजे सहा फूट उंच, मिशा, सत्तराव्या वर्षी पाठ ताठ. पद्माला ते ‘पद्माबेन’ म्हणतात. त्या ‘बेन’बद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती पुढच्या वाक्याबद्दल. ‘वाह पद्माबेन, शुं निशान छे तमारुं!’ तिच्या नेमाची अशी तारीफ दर पाच मिनिटांनी होते. मी चाळीस वर्षांत तिला फार तर ‘भाजी बरी झाली आहे’ इतके म्हणालो असेन. येताना ते पाणीगेटहून बडोद्याच्या लीला, म्हणजे ओल्या, चिवड्याचा पुडा आणतात. पद्माला तो किती आवडतो हे मला ठाऊक होते, पण आणायला हवा हे मात्र सुचले नव्हते. (मध्यंतरी लिफ्टमध्ये त्यांच्या पत्नी कोमलबेन भेटल्या. त्यांनी सहज सांगितले की साहेबांची सगळी नोकरी शिधापुरवठ्यात गेली. बटाटे, कांदे, डाळ. मला इतका आनंद झाला की मी चौथा मजला ओलांडून सातव्यावर गेलो. पद्माला लगेच सांगितले. ती म्हणाली, ‘तरीच! गोळ्या कधी कुणाला कमी पडू देत नाहीत.’)

तुला यात हसण्यासारखे काय काय दिसत असेल ते मला दिसते आहे. पण माझे खरे दुखणे दुसरे आहे. नोकरीत मला पाळ्या असायच्या. दुपारी चारला मी कधी करजणच्या रुळांवर, तर कधी कुठल्या केबिनमध्ये. पद्मा शाळेत. दुपारचा चहा आम्ही बरोबर प्यायलो तो दोघेही निवृत्त झाल्यावर. सहा वर्षे झाली. बाल्कनीत दोन खुर्च्या, आल्याचा चहा, खाली सोसायटीत कोण कुणाशी बोलत नाही याची पाहणी. फार काही बोलायचो असेही नाही. आता चार वाजले की चहा गाळून तीन कपांत ओतला जातो, दोन कप टीव्हीपुढे जातात आणि तिसरा बाल्कनीत. मला माझा चार वाजताचा चहा परत हवा आहे. मला हेवा वाटतो, सरळ सांगतो. पोटात दुखते. ओवा खाऊन पाहिला.

म्हणून गेल्या महिन्यात मी तुला फोन करून म्हणालो होतो की मला लढाईच्या त्याच त्या खेळांचा कंटाळा आला आहे, नेमबाजीचेच पण जरा वेगळे काही सुचव. तू केवढा खूष झालास! ‘भाऊजी, तुम्ही रसिक आहात’ म्हणालास. मी रसिक नाही. माझा हिशोब एवढाच होता की खेळातून फौज गेली की कॅप्टनही जाईल. तू लगेच तुझ्या खात्यावरून चार खेळ पाठवलेस. त्यांचे काय झाले ते ऐक.

पहिल्यातल्या बंदुकीतून गोळीच सुटत नाही, भिंतीत दार पडते. एका भिंतीतून आत शिरायचे आणि दुसरीतून बाहेर यायचे. (सिग्नल खात्याच्या माणसाला हे बघवत नाही. एकाच मार्गावर दोन्ही बाजूंनी प्रवेश! मी स्वतः खेळून पाहिला, तर मला पुढे माझीच पाठ दिसली.) कॅप्टन दोन दिवस एकाच खोलीत अडकून पडले. ते दोन दिवस मी चहात आले जास्त घातले. तिसऱ्या दिवशी पद्माने पाटीवर बाण काढून त्यांना सगळे समजावून दिले. शिक्षिका ती शिक्षिकाच. इतका आज्ञाधारक विद्यार्थी तिला शाळेत कधी मिळाला नव्हता म्हणे.

दुसरा खेळ पिचकाऱ्यांचा. एकमेकांना मारायचे नाही, जमीन आपल्या रंगाने रंगवायची. यात फौजी माणूस काय करणार, असे मला वाटले. पण पद्मा चित्रकलेची! तिने कॅप्टनना कोपरे भरायला सांगितले आणि स्वतः मधली नक्षी धरली. जिंकून झाल्यावर दोघे खेळाच्या त्या मैदानाकडे उगाच पाच मिनिटे पाहत बसले होते. आमच्या हॉलला रंग लावला तेव्हा मी कुठला रंग निवडला होता, ते विचारून बघ. तिला आठवणार नाही.

तिसरा चांगला होता. अवकाशात बंद पडलेले एक स्टेशन, सगळीकडे अंधार, नळ्यांतून काहीतरी लिबलिबीत उतरते. मला आवडला, कारण तिथे निदान तांबडा दिवा लागला की दार बंद व्हायचे. आणि कॅप्टन चक्क घाबरले! पहिल्याच लिबलिबीताला त्यांनी ‘ओ मा!’ अशी आरोळी ठोकली, की खालच्या वॉचमनने इंटरकॉमवरून चौकशी केली. मी बाल्कनीत बसून मनातल्या मनात पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी पाहतो तर कॅप्टन माझ्या जागेवर बसलेले. सोफ्याच्या डाव्या टोकाला, भिंतीला टेकून, जिथे बसून मी सहा वर्षे पेपर वाचतो आहे. पद्मा म्हणाली, ‘पाठीमागे भिंत असली की त्यांना भीती कमी वाटते.’ म्हणजे या खेळात माझी जागा गेली.

चौथ्या खेळात पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने मळलेले अंगण नि भिंती धुवायच्या. तो पद्माने पाच मिनिटे पाहिला, बंद केला, खरी नळी माझ्या हातात दिली आणि मला गच्चीवर पाठवले. गच्ची आता स्वच्छ आहे.

इतके झाल्यावर मी ठरवले की आपणच मैदानात उतरावे. तिसरा कंट्रोलर आणला. (पद्मा म्हणाली, ‘आता?’ एवढेच म्हणाली.) तुझ्या त्या यंत्रात दोघे खेळत असले की पडदा मधोमध दुभागतो, वर ती आणि खाली ते. मी आल्यावर माझ्या वाट्याला उजवीकडचा खालचा कोपरा आला, पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडा मोठा. लढाईचाच खेळ लावला होता. मी दर दाराशी थांबून पुढचा मार्ग मोकळा असल्याची खात्री करत होतो, त्यामुळे ते दोघे बरेच पुढे गेले. मग धूर झाला, गडबड उडाली आणि माझ्या हातून चुकून कॅप्टनना गोळी लागली. पाठीत. दोनदा.

आता या खेळातला एक नियम तुला माहीत आहेच, मला नव्हता. गोळी लागलेला माणूस लगेच मरत नाही. तो गुडघ्यांवर येतो, पडदा लाल होतो आणि साथीदाराने जवळ जाऊन, वाकून, बटण दाबून धरले की तो पुन्हा उठतो. पद्माने हातातला सगळा विजय टाकला. सभोवती गोळ्यांचा पाऊस, आणि ही बाई शेत ओलांडून पळत सुटली, तोंडाने ‘थांबा कॅप्टनसाहेब, आले मी! आले!’ चाळीस वर्षांत ती माझ्याकडे कधी पळत आलेली मला आठवत नाही. (एकदा आली होती. दूध उतू चालले होते आणि गॅसपाशी मी होतो.) आणि त्यांच्याकडे तिला धाडले कुणी? माझ्याच गोळीने.

मंगळवारी तर कळस झाला. चार वाजून दहा मिनिटांनी मी रिकामा कप ठेवायला बाल्कनीतून आत येत होतो. तुझ्या त्या यंत्राची वायर हॉलमध्ये आडवी पडली होती, तिच्यात पाय अडकला आणि मी जेवणाच्या टेबलामागे सपशेल आडवा झालो. गुडघ्यावर. नेमके त्याच क्षणी टीव्हीतही कॅप्टन पडले. एका घरात एकाच वेळी दोन माणसे पडली, सलील. तुझी ताई धावली, पण टीव्हीतल्याकडे. माझा आवाज तिने ऐकला नाही असे नाही. बटण दाबून धरल्या धरल्याच ती म्हणाली, ‘अहो, काय पडलं ते बघा जरा!’

मी बघितले. कप फुटला नव्हता. तसे तिला कळवले आणि टेबलाचा पाय धरून उठलो.

तर आता कामाचे. तुझा धंदाच खेळांचा आहे, तेव्हा मला असा एखादा नेमबाजीचा खेळ सुचव की ज्यात फौज नको, पूल नको, रंग नको, साफसफाई तर मुळीच नको. त्यात सत्तरीच्या ताठ पाठीच्या माणसाला काही कळू नये आणि सिग्नल खात्यातल्या माणसाला थोडेसे कळावे. भुतांचा चालेल, चाच्यांचा चालेल, मंगळावरच्या शेतातले उंदीर टिपण्याचाही चालेल. बंदुकीतून काय सुटते याला माझी हरकत नाही. घाई आहे, पण मान सांभाळून शोध.

इराला आणि अनयला आशीर्वाद. बडोद्याला या, पण चारच्या आत किंवा सहानंतर. लोभ आहेच, आणि तो तुझ्या भेटवस्तूंवर अवलंबून नाही.

तुझा
शरच्चंद्र भाऊजी

ता. क. गुडघ्याची काळजी करू नये. रात्री जेवताना मी लंगडतो आहे हे पद्माच्या लक्षात आले. मग तिने आंबेहळद उगाळून लेप लावला आणि तासभर रागावली, की पडलात तर हाक का नाही मारलीत.

ता. क. २ कॅप्टनना लागलेल्या गोळ्यांबद्दल वर ‘चुकून’ असे लिहिले आहे. पहिलीपुरते ते खरे आहे.

ता. क. ३ वरच्या अटी वाचून गोंधळ होत असेल तर सगळ्या सोडून दे. फौज असली तरी चालेल. खेळ मात्र फक्त दोघांचा हवा, तिसरा कंट्रोलर लागताच कामा नये. आणि त्यात ती पडलेल्याला उठवायची सोय पाहिजेच. पडण्याचे मी बघून घेईन, त्याला सराव लागत नाही. फक्त बटण किती वेळ दाबून धरावे लागते ते आधी विचारून घे. त्या लढाईच्या खेळात जेमतेम पाच सेकंदांत माणूस उठतो. एवढे कमी नको.