गडबातल्या रक्तगटांची गोष्ट

गडब,
रविवार

तीर्थरूप कृष्णाआत्यास,
निलेशचा वाकून नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? रोह्याच्या डॉक्टरांनी दिलेला पट्टा तू गुडघ्याला बांधतेस की कपाटाला, हे खरं खरं कळव. इथे सगळे बरे आहोत. वालाला फुलं धरलीत, आईचा खोकला गेला. फोन करायचा सोडून हा पत्र कसलं लिहितो, असं तू म्हणशील. पण फोनवर तू आधी जेवलास का विचारतेस, आणि मी हो म्हटलं की समाधानानं ठेवून देतेस. मला जरा लांबण लावायची आहे.

तुला माहीतच आहे की डोलवीच्या कारखान्यातल्या शिफ्टमधून मला आठवड्याची एक सुट्टी मिळते. त्या सुट्ट्यांत व्हिडिओ बघून बघून मी वेबसाईट करायला शिकलो. मग शिकलेलं कुठेतरी वापरावं म्हणून गावाच्या मंडळात म्हटलं, आपण गावातल्या सगळ्यांचे रक्तगट गोळा करू. लोक मोबाईलवर एक फॉर्म भरतील, ती माहिती आपोआप एका पानावर येईल, आणि तिथे रंगीत चकती दिसेल, कुठल्या गटाची किती माणसं (चकती म्हणजे भाकरीचे तुकडे केल्यासारखी, मोठा तुकडा म्हणजे माणसं जास्त). शिवाय नकाशावर ठिपके. कुणाला रक्त लागलं की ठिपक्यावर बोट ठेवायचं, नाव आणि नंबर समोर. मंडळाला कल्पना आवडली. निदान कुणी नाही म्हटलं नाही.

आत्या, माझी चूक एवढीच झाली की ‘गट’ या शब्दापुढे मी रिकामी चौकट ठेवली आणि लोकांना वाटेल ते लिहू दिलं. शेजारच्या सीताबाईनं लिहिलं, ‘जागृती महिला बचत गट’. तिच्या मागोमाग तिच्या गटातल्या सगळ्याजणींनी तेच लिहिलं. काळुराम मास्तरांनी ‘उत्तम’ लिहिलं. एका पुढाऱ्यानं (नाव सांगत नाही, पत्रं फुटतात) लिहिलं की आमचा गट निवडणुकीनंतर जाहीर करू. मी मोठ्या हौसेनं पान उघडलं तर चकतीचा सगळ्यात मोठा तुकडा बचत गटाचा, आणि बाकीची चकती कांद्याच्या कोशिंबिरीसारखी बारीक चिरलेली.

मग मी चौकट काढून टाकली आणि निवडायला पर्याय दिले. त्यात प्रामाणिकपणानं ‘माहीत नाही’ हाही एक दिला. सगळ्या गावानं तोच निवडला. चकती एकाच रंगाची झाली, पौर्णिमेच्या चंद्रासारखी. मंडळातले म्हणाले, छान दिसते, राहू दे अशीच.

तेव्हा मी पेणच्या एका रक्तपेढीत विचारायला गेलो. तिथे पिंकी नावाची एक टेक्निशियन आहे, पेणजवळच्या जिते गावची. तिनं माझी चकती बघितली, बराच वेळ हसू दाबलं, आणि म्हणाली की आधी लोकांचे गट तपासा, मग रंग द्या. दुसरं म्हणजे ज्यांचे नंबर लावताय त्यांना विचारून लावा. दोन्ही गोष्टी मला सुचायला हव्या होत्या. तिच्या वरिष्ठांना सांगून तिनं आपल्या शाळेत तपासणी ठेवली. अर्ध्याहून जास्त गाव आलं. बोटाला सुई टोचताना मोठमोठे गडी तोंड फिरवत होते, आणि बचत गटाच्या बाया रांगेत उभं राहून त्यांची नक्कल करत होत्या.

आपल्या घरातून आले नाहीत ते फक्त बाबा. त्या दिवशी त्यांना वालाच्या शेतात अचानक फार काम निघालं. तू मला सांगितलेलं आहेस ना, आजीला दवाखान्यात नेलं तेव्हा बाबा लहान होते, तू त्यांचा हात धरून बाहेरच्या पायरीवर बसली होतीस, आणि आजी परत आलीच नाही. त्यानंतर हा माणूस कुठल्याच दवाखान्याची पायरी चढलेला नव्हता. माझ्या जन्माच्या वेळीसुद्धा ते समोरच्या चहावाल्याकडे बसून होते म्हणे. म्हणून मी त्यांना काही बोललो नाही. पण त्यांच्या जुन्या कंपनीच्या ओळखपत्रावर ओ निगेटिव्ह छापलेलं होतं. ते बघून मी गुपचूप त्यांचा फॉर्म भरला, आणि ‘रक्त द्यायला तयार’ इथेही खूण केली. (विचारून भरा, असं पिंकीनं बजावल्यानंतर. म्हणजे बघ.)

पंधरवडा झाला असेल. आपल्या आळीतला कमळाकर घाबरा होऊन अंगणात आला. नमितावहिनी बाळंतपणाला पेणला दाखल झालेली, ऑपरेशन करायचं ठरलेलं, तिचा गट ओ निगेटिव्ह. रक्तपेढीत एकच पिशवी होती, आणखी एक हाताशी हवी असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी पान उघडलं. अख्ख्या गडबात त्या गटाचा एकच ठिपका. कमळाकरनं नावही न बघता त्यावर बोट ठेवलं आणि फोन लावला. आपल्याच ओटीवर घंटी वाजली.

बाबांनी फोन कानाला लावला. “कोन?”

“मी कमळाकर. तुमच्या अंगनात हाय, काका.”

बाबांनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता माझं काही खरं नाही. पण त्यांनी फक्त विचारलं, “नमिताला पायजे?” कमळाकरनं मान हलवली. बाबा आत गेले, लग्नाला घालतात तो शर्ट घालून आले आणि माझ्या गाडीवर बसले. पेण येईपर्यंत त्यांचा माझ्या खांद्यावरचा हात असा घट्ट की अजून दुखतो.

रक्तपेढीच्या पायरीशी ते थांबले. मी काही म्हणायच्या आत पिंकी बाहेर आली (तिला मी फोन केला होता). तिनं बाबांना ‘घाबरू नका’ वगैरे काही म्हटलं नाही. वालाला यंदा फुलं कशी आहेत, एवढंच विचारलं. बाबा सांगायला लागले आणि सांगता सांगता पायरी चढले. तपासण्या झाल्या, खाटेवर आडवे झाले, सुई टोचली गेली, आणि हे भातकापणीनंतरच्या ओलीवर वाल कसे पेरतात ते तिला सांगताहेत. ती मध्येमध्ये असे नेमके प्रश्न विचारत होती की गोष्ट शेंगा भरण्यापर्यंत येईतो पिशवी भरली. “झालं, काका,” ती म्हणाली. बाबा म्हणाले, “थांब गो, अजून सोलायचं राह्यलंय.”

संध्याकाळी वहिनीला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. बाबांची पिशवी लागलीच नाही, पहिलीवरच भागलं. मला वाटलं हे ऐकून बाबा हिरमुसतील. ते म्हणाले, “बरा जाला. ती पिशवी दुसऱ्या कोनाच्या बायकोला लागंल.” मग बाळ बघायला दवाखान्यात गेले, आपल्या पायांनी, माझ्या पुढे.

आता रोज सकाळी चहाबरोबर त्यांना ते पान उघडून दाखवावं लागतं. गावात तसला ठिपका एकच आहे, हे त्यांनी गडब ते नागोठणे सगळ्यांना सांगून झालं आहे.

गुडघ्याला जप. सर्वांना नमस्कार.

तुझा,
निलेश

ता. क. : आत्या, एवढं सगळं लिहिलं ते ज्यासाठी, ते लिहायचं राहूनच गेलं. पिंकी मला आवडते. मीही तिला आवडतो (विचारून लिहितो आहे). बाबांशी हे बोलायचा मला धीर होत नाही, आणि ते ऐकतात फक्त तुझं. तर एकदा येऊन तू विषय काढशील का?

ता. क. २ : पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात बाबा आले. कोनाला लिवतंस, विचारलं. तुला, म्हटलं. म्हणाले, “मंग बायला लिव, येत्या रविवारी ये, जित्याला पोरगी बघायला जायचा हाय.” मी म्हटलं, कुठली पोरगी? तर म्हणाले, “त्या दिवशी तिनी आपल्या दोघांना चहा दिला तवा साखर किती मनाच इचारली. तुला इचारली नाय.”