शुक्रवारचं भांडं

बुधवार, ५ नोव्हेंबर
धाटावच्या कारखान्यातून परतले तर घरात गॅसचा वास. शेगडीचं बटण उघडं, ज्योत नाही. आत्या पडवीत निवांत शेंगा सोलत बसलेली. आजपासून सिलिंडरचा रेग्युलेटर माझ्या बॅगेत, रात्रीही.
रूबेनचा इस्रायलमधून, लोदहून फोन. ठाण्याच्या वृद्धाश्रमात जागा झाली आहे, सतरा तारखेला कळवायचं. भाऊ तो, पण सही माझी. रोह्यात मी आहे ना.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
स्लो कुकर आला. विजेवर, मंद, ज्वाळा नाही. ठाण्याहून आणवलेलं कोशेर, म्हणजे आमच्या यहुदी रीतीने कापलेलं, म्हशीचं मांस, गाजर, मुळा, मशरूम, आलं, लसूण, पेणहून आणलेला सोया सॉस, दोन चक्रफुलं. प्लांट उभारायला आलेल्या कोरियन बाईंची कृती. आत्या म्हणाली, "चिन्यांचं काय गो ह्यात?" पण वास घेऊन गेली.
बाबा होते तेव्हा शब्बाथचं भांडं स्वतः निखाऱ्यावर ठेवायचे. सकाळपर्यंत कोणी हात लावायचा नाही. हे तेच, विजेवर.
दिवे लावले, आशीर्वाद झाला, आणि मग दिसलं. भिंतीवरचं बटण बंद. उठले, तर आत्या: "दिवा लागला गो. आता हात नाय." शब्बाथ लागला की शनिवार संध्याकाळपर्यंत विस्तवाला नाही, विजेच्या बटणालाही हात लावायचा नाही. मी पाळत नाही, ती पाळते. वाद घातला नाही. मांस वाया.

शनिवार, ८ नोव्हेंबर
बटण बंदच. भांडं गरम. थर्मामीटर घातला, ८८. मांस चमच्याने तुटतं.
चक्रफुलं झाकणावर, कडेला, शेजारी शेजारी. बाबा अख्खा मसाला असाच ताटाच्या कडेला मांडायचे. आत्याने चक्रफूल आयुष्यात पाहिलेलं नाही.
ती दोनदा वाढून जेवली. "रस्सा बरा हाय. पण त्याला आलं जास्त लागतं."
कोणाला, ते विचारलं नाही. मी भात-लोणचं खाल्लं.

रविवार, ९ नोव्हेंबर
शक्यता एकच. आत्या रात्री उठली, बटण लावलं, पहाटे बंद केलं, आणि हे तिला आठवत नाही. म्हणजे तिला एकटं ठेवता येणार नाही. म्हणजे सही.
पण बटण फडताळाच्या वर. तिचे दोन्ही हात खांद्याच्या वर जात नाहीत, वेणी मीच घालते.
तीच उठली असावी असं मला वाटतं आहे. म्हणजे, तसं वाटावं असं वाटतं आहे.

बुधवार, १२ नोव्हेंबर
रूबेन: ठरलं का?
आत्याला ठाण्याचं सांगितलं. ऐकून घेतलं, मग म्हणाली, तिथे शुक्रवारी भांडं कोण ठेवणार, आणि तुझा बाप इथे येऊन बंद दार बघणार.
म्हटलं, आत्या, बाबा गेले.
"व्हय. माती मी पण टाकली. मला काय सांगतेस?"

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
तेच सगळं पुन्हा. चिरून झाल्यावर लक्षात आलं, आलं दुप्पट घेतलं आहे.
प्लग काढला. मेन बोर्डावरून स्वयंपाकघराची वीज बंद. दिवे लावायच्या आधी स्वयंपाकघराच्या दाराला कुलूप. किल्ली एकच, माझ्या गळ्यात. आत्या बघत होती. मग तिने तीन ताटं पुसून ठेवली. आम्ही दोघी.
भांडं गार निघालं तर बटण तिनेच लावलं होतं, आणि सोमवारी सही. गरम निघालं तर

शनिवार, १५ नोव्हेंबर
कुलूप जसंच्या तसं. दाराशी आल्याचा वास. दाराच्या फळीला हात लावला, ऊबदार. मग दुसरा हात लावला.
आत्या अंथरुणातच, भिंतीकडे तोंड करून. किल्ली गळ्यातून काढली तशी मागून म्हणाली,
"थांब गो. जेवतोय तो अजून."
रूबेनचा फोन वाजून थांबला. किल्ली मुठीत धरून मी दाराशी पाट ओढला आणि बसले.