दुकानाचा पत्ता आईच्या दारात

मंगळवार, दिवेलागण

मघाशी आईचा फोन येऊन गेला, तेव्हापासून कामात लक्ष नाही.

चूक माझीच. दिवाळीत गावी कुंडलला घरच्या ओट्यावर बसून मोबाईलवरच्या दुकानं शोधायच्या यादीत माझ्या दुकानाचं नाव घातलं आणि पत्त्याच्या जागी 'सध्याचे ठिकाण' दाबून मोकळा झालो. मोटार रिवाइंडिंगचं दुकान कुपवाडला, पत्ता आईच्या दारात! लोक विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी घेऊन तिच्याकडे जायला लागले. आई एकटीच असते, पण आल्यागेल्याला चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. चहा झाला की मला फोन, "ह्यास्नी वाट सांग रं." मग गिऱ्हाईक माझ्यावर खेकसणार. एकानं तर यादीत दुकानाच्या नावाखाली लिहिलं, 'चहा उत्तम. दुकान सापडले नाही.' शेजारचा वेल्डिंगवाला अजून हसतोय.

शुक्रवारी वैतागून पत्ता दुरुस्त केला. सुटलो म्हटलं.

आणि आज आई विचारते, "चार दिस झालं, कुणीच आलं न्हाई. दुकान चालतंय न्हवं तुजं?"

पत्ता बदलला, एवढंच सांगायचं होतं. का नाही सांगितलं? म्हणालो, "चालतंय की. लय काम हाय."

लय काम हाय. दिवाळीपासून हेच सांगतोय. गाडीवर तासाभराची वाट. अनोळखी माणसं तिचा चहा पिऊन गेली, मी एकदाही नाही.

फोन ठेवताना म्हणाली, "पावण्यांसाठी जादाचं दूध लावलंय. बंद करू का?"

म्हटलं, राहू दे.

कुणासाठी, ते तिनं विचारलं नाही.