बिनकॅरियरवाल्या साडभाऊंस

बालाघाट,
रविवार, दुपार

प्रिय साडभाऊ गजेंद्रजी यांस,

बालाघाटहून भोजराजचा राम राम. मंजूला आशीर्वाद, पोरांना लाड. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. तुमची तब्येत कशी आहे हे विचारायची रीत आहे म्हणून विचारतो. एरवी तुमच्या तब्येतीची खबर मला रोज सकाळी, न मागता, आपल्या सासूबाईंकडून, म्हणजे मामीजींकडून मिळते. तुमचे पोट आत गेले, तुमची पँट ढिली झाली, तुम्ही दर रविवारी सायकलने गोंदियाहून आमगावला जाऊन परत येता आणि आल्यावर नुसते भिजवलेले मूग खाता, हे सगळे मला पाठ झाले आहे. देव तुम्हाला असेच ठेवो. (हे मनापासून लिहिले आहे. दोनदा खोडून लिहिले, पण मनापासून.)

पाकीट पाहून दचकू नका. कोणी गेलेबिलेले नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिले असते तर तुमच्याआधी मंजूने वाचले असते. मंजूने वाचले की मामीजींना कळते, मामीजींना कळले की पुष्पलताला, आणि मग पुष्पलता मला विचारते. (तिचे विचारणे तुम्ही पाहिलेले नाही. मंजू त्या मानाने गाय आहे. दोघी सख्ख्या बहिणी असून वाटणी अशी का झाली, यावर मी पुष्कळ विचार केला आहे.) म्हणून पत्र, आणि तेही तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर.

मुळात ही सगळी तुमचीच करणी. मागच्या दिवाळीत तुम्ही नवी सायकल गाडीच्या टपावर बांधून सासुरवाडीला आणलीत. तंग चड्डी, डोक्यावर टोप, आणि अंगणात तुम्ही दोन्ही हात सोडून फेऱ्या मारल्या. गाव गोळा झाला. तिथवरही ठीक होते. पण त्या घरात मी थोरला जावई. पहिला पाट माझा, पहिले ताट माझे, हे आपले सासरे, मामाजी, होते तेव्हापासूनचे चालत आलेले. त्या दिवशी मामीजी आतून म्हणाल्या, "आदी लहान्या जवाईले वाढ वं, त्यायले सायकल चालवाची हाये." आणि माझे ताट दुसरे आले. मी जेवलो, पण मला जळजळ झाली. पुष्पलता म्हणाली पित्त आहे. पित्त नव्हते. मी तुमच्यावर जळत होतो, हे आज सरळ सांगून टाकतो.

बालाघाटला आल्या आल्या सायकल घ्यायला गेलो. मला तुमच्यासारखीच हवी होती, बारीक चाकांची, वाकड्या हँडलची. पुष्पलता सोबत आली हे चुकले. तिने सायकलला एक फेरा मारला आणि दुकानदाराला विचारले, "कॅरियर कुठं हाये याले?" तो बिचारा म्हणाला, मॅडम, इसमें कैरियर नहीं आता, ये फिटनेसवाली है. त्यावर ती म्हणाली, "मंग सामान कायच्यावर आणाचं? फिटनेसवर?" शेवटी जी सायकल घरी आली तिला मागे कॅरियर, पुढे टोपली, खाली दोन पायांचा स्टँड आणि चेनला झाकण आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे मी पांढरे बूट घालून निघालो, तर आतून आवाज आला, "जाऊनच राह्यले तं दुधाचा डबा घेऊन जा." परतताना चक्कीवरून दळण. मग खुशीच्या (आमची खुशी आता बारावीत आहे) ट्यूशनची झेरॉक्स. मग सिलिंडर. (रिकामा होता, खोटे कशाला बोलू.) साडभाऊ, ज्याच्या सायकलला कॅरियर नाही त्याला संसार नाही. तुमच्या पोटाचा, पँटचा, आमगावचा, कशाचाच मला इतका हेवा वाटत नाही, जितका तुमच्या सीटमागच्या त्या रिकाम्या जागेचा वाटतो. दुकानात गल्ल्यावर बसल्या बसल्या मला ती दिसते.

शहरातले हाल वेगळेच. खत-बियाण्याचा दुकानदार मोटारसायकल घरी ठेवून सायकलवर दिसला, की आपल्या बालाघाटात त्याचा अर्थ एकच होतो. "गाडी बिकली का जी?" असे पहिल्या आठवड्यात निम्म्या गावाने विचारले. उरलेल्या निम्म्याने विचारले नाही, नुसते खांद्यावर हात ठेवला. एका जुन्या गिऱ्हाइकाला तर माझी इतकी दया आली, की त्याने मोटारसायकल थांबवून मला जबरदस्तीने मागे बसवले. मी मागे बसून, एका हाताने चालत्या सायकलचे हँडल धरून, भर बाजारातून घरी आलो. त्या दिवसाचा व्यायाम तेवढाच झाला, तोही उजव्या हाताचा.

म्हणून गावाबाहेर जायचे ठरवले. बैहर रोडला घाट आहे, तो माझ्या वयाला झेपत नाही. वारासिवनी रोडला ट्रक अंगावर येतात. उरला किरनापूर रोड. सपाट, दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, सकाळची गार हवा. त्याच रोडवर आपली सासुरवाडी आहे हे मला ठाऊक होते. ते किती धोक्याचे आहे हे ठाऊक नव्हते.

पहिल्या दिवशी मी हुशारी केली. तोंडाला गमछा बांधला, मान खाली घातली आणि गाव आला तसा सुसाट निघालो. (सुसाट म्हणजे माझ्या मानाने. एक कुत्रे सोबत चालत होते.) महागूमामा बांधीवर उभे होते. मामाजींचे हे चुलतभाऊ, लग्नाच्या पंगतीत समोर बसलेला माणूस त्यांना ओळखू येत नाही, पण मला त्यांनी गमछ्यासकट ओळखले आणि हाळी दिली, "जवाई पळून राह्यले रे!" आता जावई सासुरवाडीच्या दारावरून पाणी न पिता गेला तर तो रुसला, हे लहान पोरालाही कळते. आणि तोंड बांधून गेला, म्हणजे तर फारच रुसला. दोन मोटारसायकली माझ्या मागे लागल्या. मला वाटले त्यांना घाई आहे, म्हणून बाजू दिली, तर त्यांनी मलाच अडवले. एक पुढे, एक मागे, मध्ये मी पॅडल मारतोय, असे मला गावात परत आणले. लोक दारात उभे होते. मामीजी ओसरीत डोळ्याला पदर लावून बसल्या होत्या. "काय चुकलं जी आमचं? पुष्पा काही बोलली का तुमाले?" तोवर पुष्पाला फोन गेलाच होता. ती बालाघाटहून फोनवर विचारत होती, "माह्या मायच्या दारावरून तोंड लपवून काहून गेलते?" या प्रश्नाला 'फिटनेस' हे उत्तर चालत नाही. मी देऊन पाहिले.

तेव्हा असा तह झाला, की रोज जाताना मी थांबायचे. नुसते पाणी प्यायचे, असे मी म्हटले होते. पण आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे, जावई आला की चुलीवर कढई चढलीच पाहिजे. जावयाच्या ताटात तेलाचे काही नसले तर शेजारीण दारातूनच वासावरून ओळखते आणि दुपारपर्यंत मामीजींचे नाव गावभर होते, की जिजाबाईने जावयाला कोरडी भाकर वाढली. त्यामुळे रोज सकाळी वडे. वड्यांना सोबत म्हणून गुलगुले. आणि वाढताना तोंडी लावायला तुम्ही. लहान जवाई तेलाला हात लावत नाहीत, लहान जवाई आखाजीच्या सणाला गोंदियाहून सायकलने येणार आहेत, लहान जवाईंची छाती पाहा. मी एकदा हिंमत करून म्हटले, मामीजी, मलाही दोन मूग भिजवून ठेवत जा. त्यांचा चेहराच उतरला. "तुमाले काहून? तुमी काही परके हा का?" साडभाऊ, या वाक्यावर मी सबंध रस्ताभर विचार केला. त्यात माझा मान आहे की तुमचा, हे मला अजून कळलेले नाही.

परतीला कॅरियर पुन्हा भरते. दुधी, टमाटे, लाखोळीची डाळ, "पुष्पाले द्या." दुसऱ्या दिवशी पुष्पलताकडून रिकामा डबा, औषधाच्या गोळ्या, शिवलेले पोलके, "मायले द्या." मायलेकींचे आता फोनवर बोलणे कमी झाले आहे, सगळे माझ्या कॅरियरवरून चालते. इतके करून परवा मी दुकानातल्या पोत्यांच्या काट्यावर उभा राहिलो. दिवाळीत मी पन्नास किलोच्या हिशेबाने दीड पोते होतो. आता पावणेदोन आहे. डॉक्टरकडे गेलो, तर म्हणाले शुगर काठावर आली आहे, व्यायाम करता का? म्हटले, रोज सायकल चालवतो. तब्येत अशी केव्हापासून बिघडली? म्हटले, सायकल चालवायला लागल्यापासून. त्यांनी चष्मा काढून मला नीट पाहिले.

तुम्ही म्हणाल, रस्ता बदला. तेही केले. एके दिवशी जीव मुठीत धरून वारासिवनी रोडने गेलो, ट्रकांची धूळ खाल्ली, एकही वडा खाल्ला नाही, आणि फार हलके वाटले. दुपारी घरी जेवायला आलो, तर दारात मामीजींच्या चपला. बसने आल्या होत्या. गुडघे धरून आल्या होत्या. मांडीवर डबा. "आज आले नाही, बिमार पडले वाटलं मले." डबा उघडला तर सकाळचे वडे, गार झालेले. पुष्पलताने विचारले, माय, तू जेवली का? तर त्या इकडे तिकडे पाहू लागल्या. सकाळपासून उपाशी होत्या. तेव्हा कळले, की मामाजी गेल्यापासून त्या एकट्या कधी चहात भाकर बुडवून, कधी तेही नाही, असे दिवस काढत होत्या. मी यायला लागलो तसे माझ्या निमित्ताने त्या दोन घास खाऊ लागल्या. मला वाईट वाटले. मी ते गार वडे त्यांच्यासोबत बसून खाल्ले. चांगले होते.

तर एकंदरीत सायकलिंग उत्तम चालले आहे. हवा चांगली मिळते. तुम्हीही जपून चालवा, हात सोडू नका, वय झाले आता आपले.

तुमचा,
भोजराज

ता. क. : पत्र लिहायचे कारण लिहायचेच राहिले. मामीजींना एक फोन करा आणि तुमच्या तोंडाने सांगा, की थोरल्या जावयाला तेलाचे देऊ नका, त्यांची शुगर काठावर आहे. मी सांगितले तर तो रुसवा होतो, तुम्ही सांगितले तर सायन्स होते. हे लिहिताना मला काय वाटते आहे ते देव जाणतो, पण त्या तुमचेच ऐकतात. फक्त जपून सांगा. वडे नको म्हणा, 'येणार नाहीत' म्हणू नका. सकाळी त्या रस्त्यापर्यंत येऊन उभ्या राहतात.

ता. क. दुसरा : पाकिटाला गोंद लावत होतो तेवढ्यात पुष्पलता आली. (काही वाचले नाही तिने, मी वर हिशेबाची वही ठेवली.) आत्ताच मंजूचा फोन आला होता म्हणे. तुम्ही घरात कोणाशी धड बोलत नाही, मूगही तसेच वाटीत पडून आहेत. कारण मामीजी तुम्हाला दर फोनवर ऐकवतात, "थोरले जवाई पाहा, रोज येतेत, माह्यासंग दोन घास खातेत. तुमी सायकल कोनासाठी चालवता जी?" आणि हे ऐकून ऐकून तुम्ही काल सायकल दुकानात नेली आणि मागे कॅरियर बसवायला टाकली आहे, असे मंजू सांगत होती.

हे खरे असेल तर पहिला ता. क. खोडला असे समजा. मामीजींना फोन अजिबात करू नका. तेलाचे मी पाहून घेईन, रात्री दुधीचा रस पितो. आणि आपल्यात म्हणून सांगतो, कॅरियर बसवू नका. त्या सायकलला शोभत नाही.