बाबांनी भरलेली काडतुसं

१२ ऑक्टोबर, रविवार

बोल्ट उघडेना!

खडीच्या खाणीत रायफलचा नेम लावायला गेले होते. बाबांनी यंदा भरलेल्या काडतुसांतलं पहिलंच उडवलं. खांद्याला बसलेला धक्का नेहमीचा नव्हता. नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या बोल्टचा दांडा जागचा हलेना. शेवटी लाकडाच्या ठोकळ्याने ठोकून उघडला. पुंगळीच्या बुडाची, ठिणगी पाडणारी टोपी चपटी झालेली, शेजारी पितळेवर चकचकीत डाग उमटलेला; दाब फार चढल्याच्या खुणा.

दुसरं उडवलं नाही.

गॅरेजमध्ये येऊन एक काडतूस खोललं, आतली दारू तोलली. तराजू आधी तपासून घेतला. आकडा बाबांच्या काडतुसं भरण्याच्या जुन्या पुस्तकातल्या कमाल आकड्याशी तंतोतंत जुळतो. म्हणजे हात चुकलेला नाही. हात चुकला असता तर बरं झालं असतं.

१३ ऑक्टोबर

बाबांची अशी तिन्ही पुस्तकं टेबलावर मांडली. जुन्यातला तक्ता शिशाच्या गाभ्याच्या गोळीचा आहे. यंदा दुकानात नुसत्या तांब्याच्याच गोळ्या होत्या. वजन तेच. पण तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते. पुंगळीत खोल बसते, दारूची जागा खाते, नळीला जास्त घासते. दाब चढतो. बाकीच्या दोन पुस्तकांत तांब्याच्या गोळीसाठी कमाल आकडा बराच खाली आहे. त्या दोन्हींचंही आपसात जुळत नाही — जुळत नसतंच. प्रत्येकाने आपापल्या नळीत मोजलेलं. कुठलंच पुस्तक खोटं नसतं. म्हणून एकट्यावर विसंबायचं नाही, सगळ्यांत खालच्या आकड्यापासून सुरुवात करायची आणि थोडं थोडं चढायचं.

हे मला बाबांनीच शिकवलं. याच टेबलाशी.

नोकरी म्हणून मी धातूचे तुकडे तुटेपर्यंत ताणते. काय कुठे फुटेल हे मला कळतं. बोल्ट मागे सुटला तर त्याच्या मागे चार बोटांवर माणसाचा डोळा असतो.

आणि बाबा दरवर्षीसारखे डबे वाटून मोकळे झालेत. एक शेजारच्या कुरणवाल्या लाइलना. एक गावातल्या डोरीनला, एक तिच्या मुलाला, टेटला. २५ तारखेला एल्कच्या, मोठ्या हरणांच्या, शिकारीचा सीझन उघडतो.

१४ ऑक्टोबर

बाबांना सहज विचारल्यासारखं विचारलं, तांब्याच्या गोळीला आकडा कुठून घेतला.

‘‘वजन तेच आहे ना? मग?’’

मी दोन पुस्तकं उघडून त्यांच्यासमोर ठेवली, म्हटलं, दोन्हींत बघून सांगा ना. त्यांनी पहिल्यातल्या ओळीवर बोट ठेवलं, आकडा पुटपुटले. दुसऱ्या पुस्तकाकडे वळले. तिथली ओळ सापडली, आणि थांबले. परत पहिल्याकडे. परत दुसऱ्याकडे. एकीकडचा आकडा दुसरीकडे पोचेपर्यंत त्यांच्या डोक्यात राहत नव्हता. मी तिथेच उभी होते, पण माझ्याकडे बघितलं नाही. मग दुसरं पुस्तक अलगद मिटलं.

‘‘एकच बरं,’’ म्हणाले. ‘‘दोन घेतली की गोंधळ होतो.’’

आयुष्यभर याच्या नेमकं उलट सांगत आलेला माणूस!



१६ ऑक्टोबर

रजा वाढवून घेतली. प्रयोगशाळेत कारण दिलं — घरगुती.

खरं सांगितलं तर काय होईल? लाइल डबा परत देतील, पाठ थोपटतील. आठवडाभरात सगळ्या खोऱ्याला कळेल की बाबांचं, त्यांच्या आर्वीदचं, डोकं गेलं. मग गॅरेजमध्ये कोणी यायचं नाही. आई गेल्यापासून बाबांकडे दुसरं काही नाही. सप्टेंबर लागला की पुंगळ्या घासायला काढतात, तेव्हाच ताठ बसतात.

खरं नाही सांगितलं तर कोणाचा तरी डोळा.

ठरवलं. टोप्यांची एक खेप खराब निघाली असं सांगायचं. डबे गोळा करायचे, स्वतः नव्याने भरायचे, सीझनआधी परत द्यायचे. बाबांना कळणार नाही.

१७ ऑक्टोबर

लाइल गोठ्याशी भेटले. टोप्यांचं ऐकून हसले.

‘‘आर्वीदच्या टोप्या खराब? अगं, तो माणूस लग्नाच्या दिवशीसुद्धा तराजू तपासून मग चर्चमध्ये आला होता.’’

पण डबा लगेच आणून दिला. प्रश्न नाही, कुरकुर नाही. वर विचारलं, बाबा जेवतात का नीट.

डोरीनने मात्र दारातच अडवलं. ‘‘आर्वीदने दिलेलं आर्वीदच्याच हातात देईन. तू कोण मधली?’’ मी पुन्हा टोप्यांचं सांगितलं. तिने माझ्याकडे टक लावून बघितलं आणि तिथेच केकचा तुकडा खाऊ घालू लागली. डबा दिला नाही. टेटबद्दल विचारलं तर म्हणाली, तो काल खेचरं घेऊन खिंडीपलीकडे शिकारीच्या तळावर गेला. सीझन उघडेपर्यंत खाली येत नाही. तिकडे फोन लागत नाही.

टेट! तो पहिल्या पहाटे पहिला बार काढणारा.

१९ ऑक्टोबर

काल रात्रभर बर्फ. खिंडीच्या रस्त्याला गाडी जिथपर्यंत जाते तिथपर्यंत गेले. टेटची गाडी आणि खेचरांचा ट्रेलर उभा होता, टपावर बर्फाचा थर. पुढे पायी निघाले. बर्फ गुडघ्यापर्यंत आला, मग मांडीपर्यंत. वाट दिसेना. मी मूर्ख नाही, परत फिरले. परत फिरताना स्वतःचा इतका राग आधी कधी आला नव्हता.

त्याच्या काचेवर वायपरखाली चिठ्ठी ठेवली: बाबांचं एकही काडतूस उडवू नकोस. कारण नंतर सांगते. रुना.

ही चिठ्ठी तो तळावरून उतरेल तेव्हा वाचेल. म्हणजे उडवून झाल्यावर.

२० ऑक्टोबर

वनखात्याच्या चौकीत गेले. माणूस चांगला होता. म्हणाला, तळावर कोणी आजारी आहे का? नाही. कोणी हरवलंय? नाही. मग मी नक्की काय कळवू? मला पूर्ण वाक्य बोलता येईना. बोलायचं म्हणजे बाबांचं नाव घ्यावं लागतं.

बाहेर येऊन गाडीत बसले. थोड्या वेळाने परत आत गेले आणि सांगितलं. सगळं. तो म्हणाला, हवा उघडली तर कोणाला तरी पाठवतो.

हवा उघडलेली नाही.

२२ ऑक्टोबर

बर्फ.

बाबा आनंदात. ‘‘टेटला यंदा मोठा नर मिळणार बघ,’’ म्हणाले. ‘‘माझी गोळी आहे त्याच्याकडे.’’

मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले.

२३ ऑक्टोबर

पुन्हा तेच तक्ते. कुठल्या तरी पुस्तकात बाबांचा आकडा चालतो असं सापडावं म्हणून शोधते आहे. शेजाऱ्याकडून चौथं आणलं. इंटरनेटवर पाचवं पाहिलं. मी आकड्यांशी असं कधी वागलेले नाही — भीक मागितल्यासारखं. कुठेच नाही. टेटची नळी सैल असेल तर वाचेल. थंडीने दाब जरासा उतरेल. जरासा.

कदाचित काहीच होणार नाही. माझं काय झालं? बोल्टच अडकला. पण माझी रायफल नवी आहे. त्याची त्याच्या आजोबांची.

२४ ऑक्टोबर

डोरीनकडे गेले आणि दारातच खरं सांगून टाकलं. वाक्यं जोडून आली नाहीत, पण आली. बाबांचं बोट, दोन पुस्तकं, मिटलेलं पुस्तक.

ती म्हणाली, आत ये. चप्पल वाजवत पुढे गेली, मागच्या खोलीतलं कपाट उघडलं. आत डबेच डबे. बाबांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या चिकटवलेले. सगळे भरलेले.

‘‘तीन सीझन झाले, पोरी. लाइलच्या डब्यातल्या दोन काडतुसांत दारूच नव्हती. तेव्हापासून आम्ही दुकानातून आणतो.’’

‘‘टेट?’’

‘‘टेट माझा मुलगा आहे, गाढव नाही. हा बघ त्याचा डबा.’’

मी तिथे जमिनीवरच बसले.  ती पाणी घेऊन आली. म्हटलं, मला का नाही सांगितलंत? गेल्या आठवड्यात दारात का नाही सांगितलंत?

‘‘तू टोप्यांच्या गोष्टी सांगत होतीस. मला वाटलं, बापाला उघडं पाडायला आलीस की काय.’’ मग कपाट बंद करत, ‘‘आणि तुला सांगणार कधी? येतेस, छप्पर दुरुस्त करतेस, जातेस. तुझ्याशी बोलायचं म्हणजे आधी अर्ज करावा लागतो.’’

वनखात्याला फोन करून कळवलं.

२५ ऑक्टोबर

उजाडताना टेकडीवरून पहिला बार ऐकू आला. बाबा ओट्यावर कॉफी घेऊन बसले होते. खाणीत काय झालं ते त्यांना सांगितलं.

कप खाली ठेवला. म्हणाले, ‘‘माझी काडतुसं कोणी उडवत नाहीत, मला माहीत आहे. उडवत असते तर मी भरलीच नसती.’’

मग कप पुन्हा उचलून, ‘‘तू कशाला उडवलंस?’’

‘‘तुम्ही भरलेलं होतं म्हणून.’’