डावीकडचा आवाज

सोम., १२ फेब्रु.
मानपाड्याच्या रस्त्याची बातमी फोनवर सांगताना पुन्हा अडलो. ‘खड्डे’ हा शब्दच सापडेना. डोंबिवलीच्या बातमीदाराला! थोड्या वेळाने आपण होऊन परतला. सौ.ला (वसू) सांगितलेलं नाही. पण ती दारातच उभी होती. न मागता चहा आला. संशयास्पद.

बुध., १४
“बीपी दाखवून येऊ” म्हणून वसूने कोपर स्टेशनजवळच्या मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बीपीला मेंदूचा डॉक्टर! कट जुना दिसतो. कानशिलाला गार जेल, वर यंत्राचं टोक. डोक्यातलं रक्त उजवीकडे सूं-सूं वाजलं. डावीकडे चिडीचूप.
“काका, इथलं हाड जाड आहे. लहरी आत जात नाहीत.”
“लग्नापासून माहितीये,” वसू.
दोघी हसल्या. वसू जरा जास्तच.

शुक्र., १६
ठाण्यात एमआरआय. सुई नाही, औषध नाही. मेंदूत रक्त कुठे किती पोचतं, त्याचं चित्र नुसत्या चुंबकावर. टेक्निशियन : “काका, हलायचं नाय, डोकं एकदम शांत.” शांत कसलं! शाळेत घोकलेली शब्दरूपं मनात म्हणत पडलो. शब्द शाबूत आहेत का ते आपणच तपासावं, यंत्राचा काय भरवसा. कुठेच अडलो नाही. विजयी मुद्रेने बाहेर आलो, तर वसू टेक्निशियनशी कुजबुजत होती. मला पाहून गप्प.

रवि., १८
वसू भांडत नाही. ओला टॉवेल मुद्दाम पलंगावर टाकून पाहिला. निमूट उचलून वाळत घातला. माझं काही खरं नाही.

मंगळ., २०
रिपोर्ट. डावीकडे, बोलण्याच्या भागात, रक्त कमी पोचतंय. मी लगेच पुरावा सादर केला : आत सगळी शब्दरूपं बिनचूक म्हटली!
बाईंनी पेन खाली ठेवलं. “मनात पाठांतर चालू होतं? मग तिथे उलट जास्त दिसायला हवं होतं, काका.”
बिनचूक होती याला साक्षीदार मीच.
“याआधी कधी अडलात?”
“नाही,” मी.
“गणपतीत, आरतीच्या वेळी,” वसू. माझ्याकडे न बघता. “आणि परवा मला हाक मारताना.”
गणपतीतलं कबूल. परवाचं मला आठवतच नाही. रिक्षात विचारलं, “परवा कधी गं?”
“घरी जाऊ आधी.”

बुध., २१
रक्त पातळ व्हायची गोळी सुरू. आता मानेच्या नसा तपासायच्या म्हणे. सकाळी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली. आधी मनात म्हणून पाहिली, मग मोठ्याने. दोन्ही वेळा बिनचूक. भांड्यांचा आवाज थांबला. मग,
“अहो, पुन्हा मारा बघू.”