गंगेसाठी क्रियापद

४ फेब्रुवारी १९९९
प्रतिभाचा दहावा गंगेवर (गोदावरीला इथे गंगाच म्हणतात) नीट पार पडला. अस्थी मात्र राहिल्या. राज अमेरिकेतून येईपर्यंत थांबू, असं मीच ठरवलं. अस्थी घरात आणत नाहीत, म्हणून तांब्याला फडकं बांधून तो अंगणातल्या पेरूला टांगला. तात्पुरता.
हॉस्पिटलमध्ये ती याबद्दल काहीतरी म्हणाली होती. ते सवडीने लिहीन.
रडलो नाही. सगळे म्हणाले, काय धीराचा माणूस! खरंच आहे ते.

९ फेब्रुवारी
राजचा फोन. नोकरी नवी, रजा मिळत नाही. म्हणाला, अण्णा, माझ्यासाठी थांबू नका, विसर्जन करून टाका. फक्त इकडच्या मित्रांना कळवायला इंग्लिशमध्ये एक ओळ द्या. 'आईच्या अस्थी गोदावरीला...' पुढचं क्रियापद तुम्ही घाला.
माणूस बरोबर निवडला. ओझरच्या कारखान्यात स्टोअर्सला होतो, तेव्हा साहेबांचं सगळं ड्राफ्टिंग माझ्याकडे. ओळ आज, विसर्जन उद्या.

१० फेब्रुवारी
'कन्साइन' लिहिलं आणि खोडलं. स्टोअर्समध्ये जन्मभर वापरलेला शब्द. डिक्शनरी म्हणते, मुळात शिक्का मारून हवाली करणे. लासलगावहून कांद्याची वॅगन सुटल्यासारखं वाटतं. प्रतिभा काय माल आहे?
चुकीचं क्रियापद घेऊन गंगेवर जाण्यात अर्थ नाही. उद्या नक्की.

१७ फेब्रुवारी
प्रतिभाची धाकटी बहीण कुसाबाई चांदवडहून आली. चप्पल काढायच्या आधी पेरूकडे बघून म्हणाली, दाजी, ताई आजून लटकूनच हाय का? तिला डिक्शनरी दाखवली. म्हणाली, मला त्यातलं काय बी कळत नाय, पण अशानं जीव लय अडकतो माणसाचा.
कोणाचा, ते बोलली नाही. जाताना रडली. मी नाही.

२ मार्च
'एन्ट्रस्ट'. विश्वासाने एखाद्याकडे ठेवायला देणे. छान शब्द. ठेवायला दिलेलं पुन्हा मागता येतं.
गंगेकडे मागता येत नाही. दुपार यातच गेली. स्वयंपाक राहिला. चहा-टोस्ट खाल्ले.

२१ मार्च
रामकुंडावर पाहणीला जाऊन आलो. लोक कुठून कुठून येतात, राजस्थानातून, छत्तीसगडातून. गाडीतून उतरतात, विधी करतात, मोकळे होतात. आपलं बरं. घर जवळ, सायकल आहे. जवळच्याला कधीही जाता येतं, त्याला घाई कशाला?
शिवाय पाणी कमी होतं. तांब्या नेला नव्हता. पाहणीच होती.

१४ एप्रिल
सापडलं! 'कमिट'. सोपवणे. मूळ लॅटिन. 'कॉम' म्हणजे सोबत आणि 'मित्तेरे' म्हणजे पाठवणे.
पण सोबत पाठवणे असेल, तर तिला एकटीला कसं पाठवायचं? व्याकरणाचा प्रश्न आहे. राजला फोनवर विचारला. तो म्हणाला, अण्णा, ओळ राहू द्या. मित्रांना मी केव्हाच कळवलंय. तुम्ही जेवता ना?
अर्धवट सोडायचा माझा स्वभाव नाही. पेरूला पाणी घातलं, पोपट हाकलले. प्रतिभा असती तर म्हणाली असती, इंग्लिश आवरा आणि गॅसचा नंबर लावा.

२ मे
'कमिट'चे उरलेले अर्थ आज वाचले. गुन्हा करणे. पाठ करणे. वेड्यांच्या इस्पितळात भरती करणे (हा कुसाबाईला सांगायचा नाही). शेवटचा: शब्द देणे.
डिक्शनरी मिटली.
प्रतिभा हॉस्पिटलमध्ये म्हणाली होती, तुम्ही प्रत्येक गोष्टीला ताटकळत ठेवता. सिलिंडर, लाइट बिल, मी. निदान गेल्यावर तरी लटकवू नका. लगेच सोडा. मी तिचा हात धरून हो म्हणालो होतो. तिने दोनदा विचारलं, दोन्ही वेळा हो म्हणालो.
हे लिहायचं राहिलं होतं. कुसाबाईला निरोप धाडला.

४ मे
कुसाबाईसोबत गंगेवर गेलो. तांब्या मीच धरला. ओळ खिशात होती, ती काढलीच नाही. पाण्यात उभा राहिलो, गुरुजींचे मंत्र संपले, तरी हात उलटा होईना. मागे लोक खोळंबले. कुसाबाईने पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, सोडा आता, दाजी.
सोडलं.
मग रडू आवरेना. आवाज करून रडलो. शेजारच्या अनोळखी माणसांनी दंड धरून पायरीवर बसवलं.
तांब्याही सोडायचा असतो, म्हणे. कुसाबाईला म्हटलं, आज राहू दे, उद्या नक्की सोडतो.
घरी आलो. धुतला, पुसला, पेरूला टांगला. तात्पुरता.